स्वस्तातला राऊटर बिट पारखायचा कसा: पाकीट उघडण्यापासून टेस्ट कटपर्यंत

नवीन बिट, म्हणजे राऊटरमध्ये फिरणारं कापायचं पातं, आला की बहुतेक जण तो सरळ ट्रिमरला (हातात धरायच्या छोट्या राऊटरला) लावतात, हाताशी असेल त्या फळीच्या कडेवर एकदा फिरवतात, कड गुळगुळीत आली की "चांगला आहे" म्हणतात आणि कामाला लागतात. हा क्रमच उलटा आहे. नवीन कार्बाइड (बिटच्या धारेचा कठीण धातू) कितीही हलक्या दर्जाचं असलं तरी पहिले दहा-वीस फूट छानच कापतं, त्यामुळे पहिल्या कटवरून बिटबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. आणि ज्या गोष्टी खरोखर धोक्याच्या असतात, म्हणजे दांडा (बिटचा मशीनमध्ये पकडला जाणारा भाग) बारीक असणं किंवा कार्बाइडचा जोड अर्धवट असणं, त्या तोपर्यंत ३०,००० आरपीएमवर फिरून गेलेल्या असतात.

दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिला, हा बिट मशीनला लावण्याइतका सेफ आहे का. दुसरा, दिलेले पैसे वसूल होतील का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर बिट पन्नास रुपयांना मिळाला असला तरी तो परत करायचा किंवा भंगारात टाकायचा, तिथे "जरा चालवून बघू" नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र बरीच मोकळीक आहे, कारण वर्षातून दोनदा लागणाऱ्या प्रोफाइलसाठी (कडेच्या आकारासाठी) महागडा बिट घेण्यात काही अर्थ नसतो.

पहिले सहा टप्पे बिट लाकडाला न लावता करायचे आहेत आणि परत करायची मुदत संपायच्या आत करायचे आहेत. ऑनलाइन मागवून महिनाभर डबा तसाच पडून राहिला आणि मग दोष दिसला तर कोणी विचारत नाही.

## तयारी: काय काय जवळ हवं

डिजिटल व्हर्नियर (जबड्यात धरून जाडी मोजायचं साधन) पाहिजेच, स्वस्तातला चालेल पण ०.०१ मिमी पर्यंत वाचणारा. प्लास्टिकचा घेऊ नका, आपण ज्या फरकाबद्दल बोलतोय तो त्यावर दिसतच नाही. दहा पटीचं भिंग लागेल, घड्याळवाले वापरतात तसलं. मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढला तरी बरंच दिसतं. याशिवाय थोडं एनसी थिनर आणि जुना टूथब्रश, काळा मार्कर, एक टाचणी, स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा, आणि १८ मिमी एमडीएफचा एक तुकडा.

मोजायला बसण्याआधी व्हर्नियरचे जबडे पुसा, बंद करून शून्य येतंय का बघा आणि मग त्याच व्हर्नियरने एखाद्या खात्रीच्या वस्तूचं माप घ्या. चांगल्या कंपनीच्या ६ मिमी ड्रिलचा दांडा चालतो. व्हर्नियरच चुकीचा असेल तर पुढचं सगळं वाया.

## टप्पा १: आपलं कॉलेट नक्की कोणतं आहे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि त्यात बिटचा काहीच दोष नसतो.

आपल्याकडे ट्रिमरबरोबर कधी ६ मिमी कॉलेट, म्हणजे बिटचा दांडा पकडणारी नळी, येतं, कधी पाव इंची. दुकानात दोन्हीला "सहाचा" म्हणतात, सुतार "दोन सुती" म्हणतो, आणि बिटच्या पाकिटावरही कित्येकदा ६ मिमी आणि पाव इंच असं दोन्ही छापलेलं असतं. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. साडेतीन दशांश मिमीचा हा फरक कॉलेटच्या दृष्टीने प्रचंड आहे. पाव इंची बिट ६ च्या कॉलेटमध्ये जातच नाही, तो प्रश्न तिथेच संपतो. उलट ६ चा बिट पाव इंची कॉलेटमध्ये जातो, नट दाबून आवळला तर पकडल्यासारखाही वाटतो, आणि कट घेताना हळूहळू बाहेर सरकतो. तेच १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, यांच्या बाबतीत.

माझं स्वतःचं असंच एक सागवानी ड्रॉवरचं काम गेलं. तळाच्या पट्टीसाठी खोबणी मारत होतो, ६ मिमीची खोली धरली होती, आणि शेवटच्या टोकाला ती ९ मिमी झाली. बिट नवा होता, धार उत्तम होती, फक्त दांडा ६ चा होता आणि कॉलेट पाव इंची. बिट पूर्ण सुटला नाही हे नशीब.

कॉलेट बाहेर काढा, त्यावर आकडा कोरलेला असतो तो वाचा. नसेल तर मशीनच्या पुस्तकात बघा. मग तो आकडा मार्करने मशीनच्या बॉडीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण दुकानात उभं राहिल्यावर हमखास विसरायला होतं.

इशारा: दांड्याभोवती टेप, पत्र्याची पट्टी, कागद गुंडाळून बारीक बिट बसवायचा प्रयत्न कोणीही करू नका. ६ चा बिट वापरायचाच असेल तर ६ चं कॉलेट किंवा त्या मशीनसाठी बनवलेली रिड्यूसिंग स्लीव्ह घ्या.

## टप्पा २: दांडा मोजा

आता बिट हातात घ्या. दांडा तीन ठिकाणी मोजायचा: टोकाजवळ, मध्ये, आणि कापणाऱ्या भागाकडे. प्रत्येक ठिकाणी बिट पाव वळण फिरवून परत एकदा मोजायचं, म्हणजे एकूण सहा मापं. ती कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

पाव इंची दांडा ६.३५ किंवा त्याहून अगदी किंचित कमी यायला हवा. ६.३३, ६.३४ उत्तम. ६.३० च्या खाली आकडे यायला लागले तर मी तो बिट परत करतो. ही माझी रेषा आहे, कोणाची थोडी वेगळी असेल, पण ६.२५ चा बिट "टाइट बसतोय की" म्हणून कोणी ठेवू नये एवढं नक्की. सहा मापांमध्ये आपापसात ०.०२ पेक्षा जास्त फरक असेल तर दांडा गोल नाही किंवा निमुळता आहे, आणि निमुळता दांडा कॉलेट एकाच कडेवर पकडतं.

दांड्याचा पृष्ठभागही बघा. चांगल्या बिटचा दांडा ग्राइंडिंग केलेला, एकसारखा चकचकीत किंवा मॅट असतो. लेथच्या रेघा नखाला लागत असतील, गंजाचे ठिपके असतील किंवा रंग दांड्यावर उतरला असेल तर ते फिनिशिंग नीट न केल्याचं लक्षण. रंग थिनरने निघतो, रेघा आणि खड्डे निघत नाहीत.

लांबी पण बघा. स्वस्त सेटमध्ये दांडा कधीकधी इतका आखूड असतो की कॉलेटमध्ये पुरेसा जातच नाही. कॉलेटच्या लांबीच्या निदान तीन चतुर्थांश दांडा आत गेला पाहिजे.

चेक: दांडा टप्पा २ मध्ये नापास झाला तर पुढचं काही बघू नका. धार कितीही सुंदर असली तरी.

## टप्पा ३: रंग उतरवा आणि जोड बघा

साधारण सगळे स्वस्त बिट टीसीटी (टंगस्टन कार्बाइड टिप्ड) असतात, म्हणजे बॉडी स्टीलची आणि तिच्यावर कार्बाइडची पत्ती ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूच्या जोडाने, चिकटवलेली. बिटचा जीव या जोडात आहे. आणि निळा, लाल, पिवळा जो रंग असतो तो नेमका हाच जोड झाकतो.

सोनेरी रंग दिसला की "टायटॅनियम कोटिंग" म्हणून पन्नास-शंभर रुपये जास्त घेतात. स्टीलच्या बॉडीवर सोनेरी थर दिल्याने लाकूड कापायच्या धारेला काहीही फरक पडत नाही, कारण कापते ती पत्तीची कड. रंगाला शून्य मार्क द्या, चांगले पण नाही आणि वाईट पण नाही.

टूथब्रश थिनरमध्ये बुडवून पत्तीच्या कडेचा रंग घासून काढा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस किंवा सिगारेट नको. बिटला बेअरिंग असेल तर ते आधी काढून ठेवा, थिनर आत गेलं तर ग्रीस धुऊन जातं. रंग काढलेला बिट दुकानदार परत घेणार नाही अशी शंका असेल तर आधी भिंगातून बघता येईल तेवढं बघा आणि सेटमधल्या एकाच बिटवर हा प्रयोग करा.

आता भिंगाखाली जोडाची रेघ दिसेल, चंदेरी किंवा पितळी. ती पत्तीच्या मागे आणि खाली, सगळीकडून सलग हवी. मध्येच काळी भोकं, रिकामी फट, किंवा एका बाजूला ब्रेझिंगचा गोळा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं दिसलं तर टाचणीचं टोक त्यात घालून बघा. टाचणी आत जातेय? बिट बाद. फटीमुळे पत्तीला मागून पूर्ण आधार मिळत नाही, आणि ती निघाली तर चाकूसारखा तुकडा कोणत्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही.

पत्ती बॉडीतल्या खाचेत बसवलेली आहे की नुसती वरून चिकटवली आहे हेही बघा. मागे स्टीलचा भक्कम खांदा असलेली बॉडी बरी.

## टप्पा ४: पत्तीची जाडी आणि धार

पत्तीची जाडी व्हर्नियरच्या टोकाने मोजा. १ मिमी किंवा त्याहून कमी म्हणजे एकदाच वापरायचा बिट, धार लावायला मालच नाही. दीड ते दोन मिमी असेल तर दोनचार वेळा धार लावून तो परत वापरता येतो. पैशाच्या हिशोबात हा आकडा फार महत्त्वाचा आहे आणि तो कोणीच बघत नाही.

मग धार. बोट धारेवरून फिरवू नका. अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवून किंचित ओढा, बारीक पांढरा कीस निघाला पाहिजे. नखावर ती नुसती घसरली तर धार नाही. भिंगातून पूर्ण कड बघत जा, दाते पडलेत का, कडेवर चमकणारी पांढरी रेघ दिसते का. धारदार कड प्रकाशात दिसत नाही, बोथट कड चमकते, अगदी स्वयंपाकघरातल्या सुरीसारखं.

पत्तीचा सपाट चेहरा, म्हणजे भुसा जिथून सरकतो ती बाजू, आरशासारखी असेल तर चांगलं. त्यावर खडबडीत ग्राइंडिंगच्या रेघा असतील तर धारही तेवढीच करवतीसारखी असणार.

"सॉलिड कार्बाइड" म्हणून स्पायरल (पीळदार खाचांचा) बिट घेत असाल तर वजन करा. कार्बाइड स्टीलच्या जवळपास दुप्पट जड असतं. पाव इंची जाडीचा ५० मिमी लांब पूर्ण गोल तुकडा धरला तर स्टीलचा साधारण १२ ग्रॅम भरेल आणि कार्बाइडचा २३ च्या आसपास. बिटमध्ये खाचा असतात म्हणून आकडा थोडा कमी येणार, पण तेवढ्या मापाचा बिट ११ ग्रॅम भरला तर तो एचएसएस (हाय स्पीड स्टील) आहे. एचएसएस वाईट नाही, साध्या नरम लाकडाला धार छान देतं, पण प्लायमधला ग्लू आणि एमडीएफ त्याला फार लवकर मारतात. कार्बाइडच्या भावाने ते घेऊ नका एवढंच.

## टप्पा ५: घडण

बिटचं टोक तुमच्याकडे करून सरळ बघा. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, दोन्ही पत्त्या समोरासमोर आणि सारख्या आहेत का. एक जाड एक पातळ, एक थोडी वर एक खाली असेल तर बॅलन्स गेला आणि कापणार एकच पत्ती.

दुसरी, धारेच्या मागची उतरण. पत्तीची कड सगळ्यात बाहेर असली पाहिजे आणि तिच्यामागे बॉडी थोडी आत गेलेली. पत्तीपासून पत्तीपर्यंत व्यास मोजा आणि मग बॉडीचा मोजा, बॉडी कमीच आली पाहिजे. बॉडी धारेइतकीच बाहेर असेल तर ती लाकडावर नुसती घासत राहते, लाकूड काळं पडतं आणि लोक म्हणतात बिट बोथट निघाला. बिट बोथट नसतो, त्याची घडणच चुकलेली असते.

तिसरी, सरळ बिटच्या तळाची धार. मधून खाली उतरवायचा असेल, म्हणजे बिजागरीची जागा, मोर्टाइस (सांध्याचा चौकोनी खड्डा) वगैरे, तर तळाला धार केंद्रापर्यंत पोचलेली हवी. बऱ्याच स्वस्त सरळ बिटला ती नसते. असा बिट कडेने आत जातो, वरून दाबला की जळतो. तो खराब नाही, त्याचं काम वेगळं आहे, पण घेताना माहीत पाहिजे.

व्यासही आत्ताच लिहून ठेवा. १२ लिहिलेला बिट ११.८ निघाला तर दोन पासमध्ये रुंद करणाऱ्याला काही फरक पडत नाही, एकाच पासमध्ये पट्टी बसवणाऱ्याला पडतो. तशी प्लायही कुठे पूर्ण असते, १८ ची म्हणून आणलेली मोजली तर बऱ्याचदा १७ च्या वर काहीतरी निघते. आधी प्लाय मोजा, मग बिटला नावं ठेवा.

## टप्पा ६: बेअरिंग

फ्लश ट्रिम (कड समतल करणारा), राऊंड ओव्हर (कड गोल करणारा), कोव्ह (कडेला आतून गोल खाच पाडणारा), रॅबेट (कडेला पायरी पाडणारा), या सगळ्यांत स्वस्त बिट इथे मार खातात. पण ही एकच गोष्ट आपण बदलू शकतो, म्हणून यावर लगेच बिट बाद करू नका.

बेअरिंग हळू फिरवा. खडखड, अडकणं, दाणे असल्यासारखं वाटणं नको. एक टिचकी मारल्यावर ते खूप वेळ भिरभिरत राहिलं की लोक खूश होतात, पण आत ग्रीस नसलं तरी ते तसंच फिरतं. किंचित जड आणि एकसारखं फिरणारं बेअरिंग जास्त टिकतं. बाजूने हलवून बघा, हलकासुद्धा खुळखुळ असेल तर कडेवर लाटा येणार.

आता बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि पत्तीचा व्यास, दोन्ही मोजा. फ्लश ट्रिमला दोन्ही सारखे हवेत. बेअरिंग ०.२ मिमी मोठं असेल तर सनमायकाची कड ०.१ मिमी बाहेर राहील, हाताला लागेल पण कानशीने जाईल. बेअरिंग लहान असेल तर बिट खालच्या पट्टीत तेवढाच घुसेल, आणि ते दुरुस्त होत नाही. म्हणून निवडायची वेळ आली तर किंचित मोठं बरं.

वरचा छोटा ॲलन स्क्रू काढून परत बसवा. आटे गुळगुळीत झालेत का, चावीचं भोक गोल झालंय का बघा. स्वस्त बिटमध्ये हा स्क्रू काम करता करता सुटतो, बेअरिंग उडतं आणि बिट सरळ मालात घुसतो. निळ्या थ्रेडलॉकचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) अर्धा थेंब आट्यांवर लावला की हा त्रास जातो. थेंब बेअरिंगमध्ये जाऊ देऊ नका.

चेक: इथपर्यंत पास झाला तरच बिट मशीनकडे न्यायचा.

## टप्पा ७: मशीनला लावणं आणि हाताने फिरवून बघणं

प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढूनच समोर ठेवा.

कॉलेट आणि नट आतून पुसा, जुना भुसा आणि डिंक काढा. बिट तळापर्यंत घाला आणि मग २-३ मिमी वर ओढून आवळा. तळाला टेकवून आवळला तर कॉलेट नीट दाबलं जात नाही. तसंच दांडा जिथे बॉडीला मिळतो तिथे एक वळण असतं, ते वळण कॉलेटमध्ये जाता कामा नये.

कॉलेटच्या तोंडाशी दांड्यावर मार्करने एक रेघ मारा. टेस्ट कट झाल्यावर हीच रेघ सांगेल बिट सरकला की नाही.

आता ट्रिमरचा बेस लावा, बिटच्या शेजारी एक लाकडाचा ठोकळा क्लॅम्पने असा बांधा की एक पत्ती त्याला जेमतेम स्पर्श करेल, आणि बिट हाताने फिरवा. दुसरी पत्तीही तशीच टेकली पाहिजे. एक टेकते आणि दुसऱ्या बाजूला कागद सहज जातो, म्हणजे बिट वाकडा फिरतोय. पण दोष बिटलाच द्यायच्या आधी तुमच्याकडे असलेला खात्रीचा बिट लावून तेच करा. तोही तसाच फिरला तर कॉलेट गेलंय, बिट नाही. कित्येक लोक चारचार सेट बदलतात आणि वीस वर्षांचं कॉलेट तसंच ठेवतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

इशारा: कॉलेटमध्ये बिट नसताना नट कधीही आवळू नका, कॉलेट कायमचं आक्रसतं.

## टप्पा ८: चालू करून बघणं आणि टेस्ट कट

आधी स्पीड. बिट जेवढा रुंद तेवढं त्याच्या कडेचं टोक जोरात पळतं. १२ मिमीचा बिट ३०,००० आरपीएमवर फिरला तर कडेचा वेग ताशी ६८ किमीच्या आसपास येतो. त्याच स्पीडला ५० मिमीचा बिट फिरवला तर तो ताशी २८० किमीच्या वर जातो. बहुतेक ट्रिमरना स्पीड कमी करायची सोय नसते, आणि सेटमध्ये मात्र मोठमोठे प्रोफाइल बिट पाव इंची दांड्यावर बसवून दिलेले असतात. साधारण हिशोब असा, २५ मिमी पर्यंत २४,०००, २५ ते ५० ला १८,०००, त्याच्यावर १६,००० आणि खाली. बिटवर जास्तीत जास्त आरपीएम लिहिले असतील तर ते अंतिम. ते लिहिलेलेच नाहीत आणि बिट मोठा आहे, तर ट्रिमरला लावू नका.

चष्मा घाला, बिट स्वतःपासून आणि इतरांपासून लांब धरून मशीन चालू करा, अर्धा मिनिट नुसतं फिरू द्या. खात्रीच्या बिटपेक्षा थरथर जास्त जाणवते? बोटांना मुंग्या येतात? बंद करा. इथे सवय होईल असं म्हणून पुढे जाऊ नका.

मग तीन कट घ्या, याच क्रमाने.

१. एमडीएफमध्ये सरळपट्टी लावून खोबणी, ३ मिमी खोल, मग परत ३ मिमी. एमडीएफला रेषा नसतात म्हणून माप स्वच्छ मिळतं. खोबणीची रुंदी मोजा. बिटच्या व्यासापेक्षा ०.१ पर्यंत जास्त ठीक, ०.२ च्या वर गेली तर परत एकदा करून बघा, कारण कधी आपलाच हात पट्टीपासून सरकलेला असतो. दुसऱ्यांदाही तेवढीच आली तर बिट वाकडा फिरतोय.

२. सागाच्या किंवा कुठल्याही कठीण लाकडाच्या तुकड्यावर रेषांना आडवा कट. काळे डाग आणि कडेचे निघालेले तंतू बघा. काळं पडलं तर मशीन थोडं भरभर सरकवून परत करा, हळू सरकवलं की चांगला बिटही जाळतो.

३. तुम्हाला ज्यासाठी हवाय ते खरं काम, पण टाकाऊ तुकड्यावर. सनमायका ट्रिमिंग असेल तर सनमायकाच.

बाहेरच्या कडेवर मशीन घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचं, आतल्या चौकटीत घड्याळाच्या दिशेने. हे उलटं झालं तर मशीन हातातून पळतं, आणि तो दोष बिटचा समजला जातो.

प्लग काढा, मार्करची रेघ बघा. रेघ कॉलेटपासून वर आली असेल तर परत टप्पा १ आणि २. मग भिंगाने धार परत बघा. तीन कटमध्येच दाते पडले असतील तर पत्ती ठिसूळ आहे.

## टप्पा ९: पैशाचा हिशोब

सेटची किंमत भागिले बिटची संख्या, हा हिशोब सगळे करतात आणि तो चुकीचा आहे. समजा १५ चा सेट १,२०० ला मिळाला, म्हणजे बिट ८० रुपयांना पडला असं वाटतं. पण तुम्ही त्यातले वापरणार किती? बहुतेकांचे चार: एक सरळ, एक फ्लश ट्रिम, एक राऊंड ओव्हर, एक ४५ डिग्री. मग बिट पडला ३०० ला. त्यातले सरळ आणि फ्लश ट्रिम महिन्याभरात बोथट झाले तर ते दोन परत सुटे आणायचे आहेतच.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहा: बिट कधी लावला, किती शीट किंवा किती फूट कापलं, कधी जळायला लागला. दोनतीन बिट झाले की स्वतःच्या कामाचा प्रति फूट भाव कळतो. १५० चा बिट २०० फूट गेला तर फुटाला ७५ पैसे. ६०० चा बिट १,००० फूट गेला आणि वर दोनदा धार लावता आली तर तोच स्वस्त. आणि १५० चाच ९०० फूट गेला तर पुढचे पाच तेच घ्या, महागाच्या मागे लागू नका. दुसऱ्याच्या आकड्यावर हा निर्णय घेता येत नाही, कारण एक जण पाईन कापतो आणि दुसरा दिवसभर सनमायका आणि मरीन प्लाय. सागात सिलिका असते, ती धार खातेच.

मी कुठे वाचवतो आणि कुठे नाही ते सांगतो. राऊंड ओव्हर, कोव्ह, व्ही ग्रूव्ह, शोभेचे प्रोफाइल, हे स्वस्तातले बिनधास्त घेतो, टप्पा १ ते ६ पास झाले की. सरळ आणि फ्लश ट्रिम मधल्या किंवा वरच्या किमतीचे. बारीक, ३-४ मिमीचे सरळ बिट स्वस्तात दोनतीन जास्तीचे, कारण ते चुकीनेच तुटतात, महागाचाही तुटतो. पण मोठे पॅनल रेझिंगचे बिट (दाराच्या पॅनलची कड उतरती करणारे), फिंगर जॉइंट, लॉक माइटर (लाकडांचे सांधे कापणारे), हे स्वस्तातले अजिबात नाही, आणि पाव इंची दांड्यावर तर मुळीच नाही. अर्धा इंची दांडा, टेबल आणि स्पीड कमी होणारा राऊटर, तिन्ही असतील तरच.

सुटा बिट घ्यायचा तर पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, किंवा तुमच्या गावातलं जे मोठं टूल्सचं दुकान असेल तिथे व्हर्नियर खिशात घालून जा आणि काउंटरवरच दांडा मोजा. मोजू देत नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानात. "दादा, पाच बिट दाखवा, त्यातला एक घेतो" असं सरळ सांगा. एकाच डब्यातले पाच बिट काढले तरी दांडा आणि ब्रेझिंगमध्ये फरक दिसतो, आणि ऑनलाइन खरेदीत ही निवड आपल्या हातात नसते.

## वारंवार होणाऱ्या चुका

एका पासमध्ये पूर्ण खोली. पाव इंची दांड्याला एका वेळी ३ मिमी भरपूर झालं. १८ मिमी एकदम मारला, दांडा वाकला, आणि बिटला शिव्या.

बिट एकत्र डब्यात टाकणं. कार्बाइड कठीण असतं आणि तितकंच ठिसूळ. दोन बिट एकमेकांवर आपटले की धारेला दात पडतात. फळीला भोकं पाडून उभे ठेवा. फरशीवर पडलेला बिट भिंगाने बघितल्याशिवाय परत लावू नका.

डिंक साचलेला बिट बोथट समजून फेकणं. बेअरिंग काढा, बिट रॉकेलमध्ये किंवा डिटर्जंटच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, ब्रशने घासा, पुसून कोरडा करा. अर्धे "गेलेले" बिट यानेच परत चालू होतात.

धार बाहेरून लावणं. डायमंडची पट्टी फक्त पत्तीच्या सपाट चेहऱ्यावर, पूर्ण टेकवून फिरवायची, पाण्याचे दोन थेंब टाकून. एका पत्तीला दहा हात मारले तर दुसरीलाही मोजून दहाच. बाहेरच्या कडेला हात लावला की व्यास बदलतो, बेअरिंगशी मेळ जातो आणि मागची उतरणही बिघडते. पत्तीची जाडी घासून १ मिमी च्या आसपास आली, किंवा जोडाजवळ केसाएवढी चीर दिसली, की तो बिट पक्कडने वाकवून किंवा दांडा कापून टाका, म्हणजे मदतनीस पोरगा तो चुकून परत मशीनला लावणार नाही.